चांडोलीची खापरे आणि ग्रीकांचे चित्रकुंभ

जुन्नरच्या परिसरातील लेण्यांत यवन दात्यांचे तीन लेख कोरलेले आढळतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दान केल्या, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप करवून दिला, आणि चंद नावाच्या यवनाने मानमोडी डोंगरातील एका चैत्यगृहाचा दर्शनी भाग कोरविला. हे लेख अगदी लहान आहेत. दात्याचे नाव, त्याची ओळख आणि दानाची वस्तू ह्यांपलीकडे ते फारसे काही सांगत नाहीत. तथापि ‘यवन’ हा शब्द वाचल्याबरोबर अथेन्स नगरी, होमरचे वीर, संगमरवरी मूर्ती आणि चित्रांनी नटलेले कुंभ अशी एक मालिकाच वाचकाच्या मनात उभी राहते. आणि मग कुकडी, मीना किंवा घोड ह्या नद्यांच्या काठी काळ्या रेषांनी चितारलेले एखादे तांबडे खापर हाती आले, तर त्याचा संबंध त्या यवनांशी जोडण्याचा मोह होतो.

हा मोह दोन प्रकारचा आहे. पहिला इतिहासविषयक: चित्रित खापर म्हणजे यवनांच्या संपर्काची खूण, असे त्यात मानले जाते. दुसरा रसग्रहणविषयक: संपर्क नव्हता हे मान्य करूनही ग्रीक कुंभाचे माप लावून येथील खापर मोजले जाते, आणि ते साहजिकच उणे ठरते. पहिल्या प्रकारचा भ्रम कालगणनेने दूर होण्याजोगा आहे. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. तो विद्वानांच्याही लेखनात नकळत शिरतो, आणि त्यामुळे घोडनदीच्या खोऱ्यातील एका पुरातन कलेकडे कला म्हणून पाहण्याचेच राहून जाते. म्हणून ह्या दुसऱ्या प्रकाराचे परीक्षण अधिक अगत्याचे होय.

प्रथम कालगणनेचा विचार करू जाता असे दिसते की, मानवाकृतींनी चितारलेल्या अथेन्सच्या मृत्पात्रांची परंपरा इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस संपुष्टात आली. जुन्नरचे यवनलेख सातवाहन-क्षत्रपांच्या काळातले, म्हणजे सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले मानले जातात. त्याच मानमोडी डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम ह्याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. तेव्हा इरिल, चिट आणि चंद ह्यांनी आपली दाने दिली त्या वेळी अथेन्सच्या त्या प्रसिद्ध कुंभांची घडण थांबून सुमारे चार शतके लोटली होती. शिवाय त्या काळी ‘यवन’ ह्या शब्दाचा अर्थही बराच सैल झालेला होता. चिट आणि चंद ही नावे तर सरळ प्राकृत वळणाची आहेत. चंदाने कोरविलेल्या दर्शनी भागावर कमलदलांच्या अर्धवर्तुळात गजलक्ष्मी विराजमान आहे. त्या शिल्पात ग्रीक असे काही शोधूनही सापडत नाही. दाता यवन असला तरी त्याने द्रव्य वेचले ते येथील पाथरवटांच्या येथील रूपकल्पनेवर.

पश्चिमेकडील वस्तू महाराष्ट्रात आल्या नाहीत असे मात्र नव्हे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची लहान मूर्ती मिळाली. नेवासे येथे मद्य किंवा तेल भरून आणण्याच्या लांबोळक्या कुंभांचे तुकडे मिळाले. परंतु हे कुंभ मालवाहतुकीचे, बिनचित्रांचे. शिवाय भूमध्यसमुद्राकडील म्हणून भारतात पूर्वी नोंदविलेल्या अशा तुकड्यांपैकी काही वस्तुतः मेसोपोटेमियाकडून आले असावेत, असे रोबर्टा टॉम्बर ह्यांच्या अलीकडच्या अभ्यासातून पुढे आले आहे. सारांश, जुन्नरचे यवन आणि ग्रीकांचे चित्रकुंभ ह्यांची गाठ घालून देणारा पुरावा नाही. ह्या खोऱ्यांतील चित्रित खापरांचा मालक निराळा आहे, आणि तो यवनांहून हजार वर्षांपेक्षाही अधिक जुना आहे.

त्याचा ठावठिकाणा आंबेगाव तालुक्यातील चांडोली येथे लागतो. जुन्नर कुकडीच्या काठी आहे; तिच्या दक्षिणेस मीना आणि मीनेच्या दक्षिणेस घोड. ह्या घोडनदीच्या काठावरील चांडोलीच्या पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० च्या सुमारास उत्खनन केले, आणि शां. भा. देव व झै. दा. अन्सारी ह्यांनी सिद्ध केलेला त्याचा अहवाल १९६५ साली प्रसिद्ध झाला. तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. दगडाची छिलक्यांची हत्यारे, तांब्याचा शृंगाकार मुठीचा खंजीर, जवसाच्या धाग्यात ओवलेले तांब्याचे मणी, लहान मुलांची दफने आणि त्यांबरोबरच विपुल चित्रित मृत्पात्रे असा तो ठेवा आहे. ही मृत्पात्रे मुख्यत्वे ‘जोर्वे’ परंपरेची आहेत. प्रवरेकाठच्या ज्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया व देव ह्यांनी उत्खनन केले, त्याचे नाव ह्या परंपरेस मिळाले आहे. पुढे घोडनदीवरच, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ पासून १९८३ पर्यंत झालेल्या विस्तृत उत्खननाने ह्या संस्कृतीचा कालक्रम निश्चित केला: माळवा काळ इ. स. पू. १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १०००, आणि उत्तर जोर्वे १००० ते ७००.

जोर्वे भांड्याचे वर्णन थोडक्यात असे करता येईल. माती चाळून-मळून बारीक केलेली, घडण चाकावरची, भाजणी इतकी पक्की की बोटाने वाजविल्यास धातूसारखा नाद यावा. पृष्ठभाग तांबडा किंवा नारिंगी, त्यास चकाकी नाही. त्यावर भाजण्यापूर्वीच काळ्या रंगाने केलेले चित्रण. भांड्यांचे प्रकार मोजके: मध्यावर कंगोरा काढलेला वाडगा, फाकलेल्या काठाचा गोल घडा, आणि लांब नळीसारख्या तोटीचे पात्र. चित्रण बहुतांशी रेषांचे. समांतर तिरप्या रेषांचे झुपके, रेषांनी भरलेले शंकरपाळ्यांच्या आकाराचे चौकोन, शिडीसारखे पट्टे, नागमोडी ओळी. आणि हे सर्व प्रायः भांड्याच्या वरच्या अर्ध्या भागात, गळा व खांदा ह्यांभोवती. खालचा अर्धा भाग कोरा. प्राणी-पक्षी क्वचित, मनुष्य त्याहून क्वचित.

ह्या चित्रणासंबंधी जो अभिप्राय सहज दिला जातो तो असा की, ग्रीकांच्या कुंभांवर आख्याने आहेत, येथे नुसत्या रेघोट्या. तेथे चित्रकाराची स्वाक्षरी आहे, येथे नावाचा पत्ता नाही. म्हणून तेथील ती कला आणि येथील ती केवळ सजावट. वरकरणी हा अभिप्राय निर्विवाद वाटतो. इ. स. पू. ५७० च्या सुमारास एर्गोटिमॉसने घडविलेल्या आणि क्लायटियासने चितारलेल्या, फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातील ‘फ्रांस्वा’ कुंभावर दोनशेहून अधिक आकृती आहेत, आणि पुष्कळांची नावेही शेजारी लिहिली आहेत. व्हॅटिकनमधील एका कुंभावर एक्झेकियासने अकिलीज आणि एजॅक्स हे दोन वीर युद्धाच्या विसाव्यात पटावर खेळताना दाखविले आहेत. दोघेही वाकलेले, भाले खांद्याला टेकलेले, नजर सोंगट्यांवर खिळलेली. होमरच्या श्रोत्यांना पुढचे मरण ठाऊक होते, म्हणून त्या शांत खेळाला करुणरसाची खोली येते. असे चित्र चांडोलीत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु ही तुलना मुळात समकालीनांची नाही. क्लायटियास आणि एक्झेकियास ह्यांच्या जन्मापूर्वीच घोडनदीच्या काठची जोर्वे वस्ती उजाड झालेली होती. उत्तर जोर्वे काळ (इ. स. पू. १००० ते ७००) समोर ठेवला तर त्याच्या बरोबरीने ग्रीसमध्ये जे चालू होते त्यास कलेतिहासकार ‘भौमितिक’ शैली असेच म्हणतात; तिचा काळ इ. स. पू. ९०० ते ७०० असा धरतात. त्याआधीच्या दीड शतकात तर अथेन्सचा कुंभार कंपासाला अनेक कुंचले बांधून कुंभावर एककेंद्री वर्तुळे काढीत होता, आणि मनुष्याकृतीला त्याच्या कुंभावर जवळपास थारा नव्हता. म्हणजे एकाच काळी, परस्परांची गंधवार्ता नसलेल्या दोन प्रदेशांत कुंभार रेषेचीच भाषा बोलत होते. ‘ग्रीकांची आख्याने विरुद्ध येथील रेघोट्या’ ही तुलना एका परंपरेचे प्रौढत्व दुसरीच्या बाल्याशी ताडून पाहण्याइतकी गैर आहे. आणि दुसरीला बाल्य म्हणावे की तिचे स्वतःचे प्रौढत्व, हाही प्रश्न राहतोच.

योग्य जोडी लावून पाहिले म्हणजे खरा भेद दिसू लागतो, आणि तो कौशल्याचा नसून हेतूचा आहे असे ध्यानात येते. ग्रीक भौमितिक कुंभ काठापासून तळापर्यंत भरलेला असतो. पट्ट्यावर पट्टा, त्यात ग्रीक नागमोडीची कोनदार वळणे. रिकामी जागा उरू द्यावयाची नाही असाच जणू चित्रकाराचा पण. जोर्वे कुंभार उलट अर्धे भांडे मोकळे सोडतो. त्याचे कारण भांड्याच्या वापरात शोधले पाहिजे. अथेन्सचा कुंभ पायावर उभा राहतो, त्यास कान असतात, तो भोवतीने हिंडून पाहावयाचा असतो. जोर्वे घड्याचे बूड गोल आहे. तो जमिनीतील खळग्यात किंवा आधारावर बसतो, आणि त्याच्याकडे पाहणारा मनुष्य उभा असो वा भुईवर बसलेला, त्याची दृष्टी वरून खांद्यावर पडते. खालचा भाग नजरेआड जातो, चुलीजवळ काळवंडतो, हाताळून झिजतो. जेथे डोळा पोचतो तेथेच कुंचला पोचला आहे. ही उणीव नव्हे. हा औचित्यविचार आहे.

कानांचा मुद्दा तर अधिक महत्त्वाचा आहे. दोन कानांमुळे कुंभाला आपोआप पुढची आणि मागची अशा दोन बाजू मिळतात, आणि दोन कानांमधील जागा चौकटीसारखी मोकळी राहते. अथेन्सच्या दिपिलोन दफनभूमीतील प्रख्यात कुंभावर (सुमारे इ. स. पू. ७५०) मृत व्यक्तीस तिरडीवर ठेवून भोवती हात डोक्यावर घेऊन शोक करणारी माणसे दाखविली आहेत; ते चित्र नेमके कानांच्या पातळीवरील त्या चौकटीत आहे. रेषांच्या समुद्रात कथेचे पहिले बेट वर आले ते कानांनी राखून दिलेल्या जागेत, असे म्हणण्यास हरकत नाही. आख्यानाला आरंभ व शेवट लागतो, आणि चौकट ते देते. जोर्वे पात्राला कान नाहीत. त्याचा खांदा म्हणजे अखंड वर्तुळ. त्यावर काढलेल्या पट्ट्याला आरंभ नाही, शेवट नाही. अशा पृष्ठभागावर आवर्तनच शोभते. जात्यावरील ओवीची चाल जशी फिरत्या खुंट्याबरोबर पुनःपुन्हा तेथेच येते, तशी ही रेषा भांड्याबरोबर फिरून मूळ जागी येते. आकाराने मागितले तेच चित्रकाराने दिले.

दफनांचा विचार केल्यास हा हेतुभेद अधिकच स्पष्ट होतो. दिपिलोनचा कुंभ दीड मीटरहून अधिक उंच आहे, आणि तो एका स्त्रीच्या दफनावर उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावा म्हणून उभारलेला होता. त्यावरील शोक हा जाहीर शोक आहे. जोर्वे संस्कृतीची रीत निराळी. लहान मूल दगावले की करड्या रंगाचे, जाडेभरडे, बहुधा चित्रण नसलेले दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत ते मूल ठेवीत, आणि घराच्या जमिनीखालीच खड्डा घेऊन पुरीत. सोबत ठेवीत ते चित्रित वाडगा किंवा तोटीचे पात्र. ज्या कुंभाने मुलाला वेढले तो कोरा, आणि चितारलेले भांडे ते त्याच्या वापरासाठी. जमीन सारवून घेतल्यावर ते चित्र कोणाच्याही दृष्टीस पडावयाचे नव्हते. ते पाहणाऱ्यासाठी नव्हतेच. ते ज्याचे त्याला दिलेले होते. ‘हे चित्र काय सांगते?’ असा प्रश्न दिपिलोनच्या कुंभाला विचारता येतो, कारण तो सांगण्यासाठीच उभा केलेला आहे. चांडोलीच्या किंवा इनामगावच्या तोटीच्या पात्राला तो प्रश्न विचारणे म्हणजे घरातल्या दुःखाला जाहीर सभेचा न्याय लावणे होय.

आता स्वाक्षरीचा प्रश्न. अथेन्सचे काही कुंभार आणि चित्रकार आपली नावे लिहीत, हे खरे. म्युनिकमधील एका कुंभावर युथिमिडीजने तर आपला प्रतिस्पर्धी युफ्रोनियस असे कधीही काढू शकला नसता, अशा अर्थाची बढाईही लिहून ठेवली आहे. परंतु स्वाक्षरीचे कुंभ एकंदर संख्येत थोडेच. बहुसंख्य ग्रीक चित्रकार चांडोलीच्या कुंभाराइतकेच अनाम आहेत. त्यांना जी ओळख मिळाली ती विसाव्या शतकातील जॉन बीझली ह्या इंग्रज पंडिताच्या परिश्रमाने. कान, घोटे, वस्त्रांच्या चुण्या काढण्याची लकब ताडून त्याने हजारो कुंभ शेकडो हातांमध्ये वाटून दिले, आणि ज्यांची नावे अज्ञात त्यांना ‘बर्लिन चित्रकार’ अशांसारखी कामचलाऊ नावे दिली. म्हणजे ग्रीक चित्रकाराचे व्यक्तित्व हे पुष्कळ अंशी समीक्षकाच्या लक्षपूर्वक पाहण्याचे फळ आहे. जे. एन. कोल्डस्ट्रीम ह्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तर हीच दृष्टी भौमितिक काळाला लावून, आकृती नसलेल्या कुंभांतही निरनिराळ्या कार्यशाळा वेगळ्या करून दाखविल्या. केवळ रेषांवरून हात ओळखता येत नाही, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही.

महाराष्ट्राच्या खापरांना असे पाहणे अद्याप पुरेसे लाभलेले नाही. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. उत्खननाच्या अहवालात खापर येते ते थराचा काळ ठरविणारे साधन म्हणून. त्यावरील नक्षी भांड्यावरून सोडवून, सपाट करून, क्रमांक देऊन तक्त्यात मांडली जाते. काळ आणि संपर्क ठरविण्यास ही पद्धत आवश्यक होती, आणि तिनेच महाराष्ट्राचा इतिहासपूर्व काळ उजेडात आणला. परंतु तक्त्यातील नक्षीला खांदा नाही, गोलाई नाही, कुंचल्याचा आरंभ-शेवट नाही. ह्या पद्धतीचा दुसरा परिणाम असा झाला की, नक्षीच्या व आकाराच्या साम्यावरून लक्ष पुनःपुन्हा पश्चिमेकडे वळले. नर्मदाकाठच्या नावडातोलीच्या तोटीच्या पात्रांचे साम्य सांकळियांना इराणमधील सियाल्कच्या पात्रांत दिसले, आणि त्यावरून लोकांच्या स्थलांतराची चर्चा झाली. ती चर्चा तिच्या जागी मोलाची होती. तथापि पुढील संशोधनाचा कल जोर्वे परंपरेची वाढ माळवा परंपरेतून, दख्खनच्याच भूमीत झाली असे मानण्याकडे आहे. जुन्नरच्या लेखांतील ‘यवन’ शब्दाने जे सामान्य वाचकाचे होते तेच काही प्रमाणात विद्वानांचेही झाले: वस्तू हाती येताच ती कोठून आली हा प्रश्न आधी सुचला, ती कशी आहे हा मागे राहिला.

ती कशी आहे हे पाहण्याचे मार्ग खापरातच आहेत. वर्तुळाकार पट्टा जेथे सुरू झाला तेथेच तो संपवावा लागतो. शेवटचा झुपका तेथे दाटीवाटीने बसविला आहे की जागा मोजून आणली आहे, ह्यावरून हाताचा सराव कळतो. तिरप्या रेषा वरून खाली ओढल्या की खालून वर, हे रंगाच्या दाटपणावरून दिसते. कुंचला टेकतो तेथे रंग दाट, उचलतो तेथे विरळ. चौकोनाच्या सीमेबाहेर रेषा जाते की आत थांबते, ही घाई आहे की सवय, ह्याचा निर्णय एकाच वस्तीतील अनेक खापरे शेजारी ठेवल्यास करता येईल. चांडोली आणि इनामगाव ही एकाच नदीवरील गावे. त्यांतील भांडी एकाच हाताची की दोन परंपरांची, हा प्रश्न मातीच्या पृथक्करणाइतकाच रेषेच्या अभ्यासाने सुटण्याजोगा आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उपेक्षेची भरपाई अतिस्तुतीने होत नाही. जोर्वे चित्रणाचा नक्षीसंग्रह मर्यादित आहे. नावडातोलीच्या माळवा पात्रांवर सहाशेहून अधिक नक्षीप्रकार नोंदले गेले, आणि तेथे हातात हात गुंफून नाचणाऱ्या माणसांच्या रांगाही आहेत. त्या समृद्धीच्या मानाने जोर्वे कुंभाराने पुष्कळ गोष्टी सोडून दिल्या. त्याचा संयम पुष्कळदा मोहक आहे, परंतु काही वेळा तो निव्वळ आवृत्ती होतो, आणि उत्तर जोर्वे काळात घडण व चित्रण ही दोन्ही ढिली पडलेली दिसतात. उलट ग्रीक कुंभांविषयीही आज पूर्वीचा भाबडा आदर राहिलेला नाही. मायकेल व्हिकर्स आणि डेव्हिड गिल ह्यांनी १९९४ साली असे प्रतिपादन केले की, अथेन्समध्ये खरी प्रतिष्ठा सोन्या-चांदीच्या पात्रांना होती आणि मातीचे कुंभ त्यांची स्वस्त नक्कल होते. हे मत सर्वमान्य नाही. परंतु मातीच्या भांड्याला ‘महान कला’ हे पद त्याच्या काळाने दिले की पुढच्या संग्राहकांनी, हा प्रश्न त्याने उभा केला. जोर्वे वाडग्याचा धारदार कंगोराही धातूच्या पात्राची आठवण करून देतो. दोन्हीकडचा कुंभार मातीतच काम करीत होता, आणि दोघांचेही लक्ष बहुधा मातीहून मोलाच्या धातूकडे होते.

राहता राहिला प्रश्न असा की, ग्रीसमध्ये रेषेतून आकृती आणि आकृतीतून आख्यान निघाले, तसे घोडनदीच्या काठी का झाले नाही? ह्याचे उत्तर कलेच्या अंगभूत दौर्बल्यात शोधण्याचे कारण नाही. इ. स. पू. १००० च्या सुमारास जोर्वे संस्कृतीच्या बहुतेक वस्त्या ओस पडल्या. इनामगाव टिकले, पण हलाखीत. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि शेतीपेक्षा पशुपालनावर भिस्त वाढली. म. के. ढवळीकर ह्यांनी ह्याचा संबंध वाढत्या अवर्षणाशी जोडला आहे. इ. स. पू. ७०० च्या सुमारास इनामगावही उठले. ज्या शतकात दिपिलोनच्या कुंभावर शोक करणारी माणसे प्रकटली त्याच शतकात येथील कुंभाराचे गाव शेवटच्या घटका मोजीत होते. परंपरा खुंटली ती कल्पकता आटल्यामुळे नव्हे. पाणी आटल्यामुळे खुंटली, असे मानणे अधिक युक्त होय.

पुढे कित्येक शतकांनी ह्याच खोऱ्यांच्या वर, जुन्नरच्या डोंगरांत लेणी कोरली गेली, तेव्हा चित्रित भांड्यांना पूर्वीचे महत्त्व उरलेले नव्हते. त्या काळच्या लेखांत कारागिरांच्या श्रेणी येतात. नाशिकच्या एका लेखात ठेव स्वीकारणाऱ्या ‘कुलरिक’ श्रेणीचा उल्लेख असून त्याचा अर्थ कुंभारांची श्रेणी असा केला जातो. कुंभार तेथे प्रतिष्ठित आहे, विश्वासू आहे, परंतु तो समूहाने आहे. त्यांपैकी एकाचेही नाव लेखात नाही. जुन्नरला दात्यांची नावे आहेत आणि त्यांच्या घरच्या भांड्यांचा पत्ता नाही. चांडोलीला भांडी आहेत आणि ती घडविणाऱ्यांची नावे नाहीत. ह्यांपैकी पहिल्या उणिवेवर समीक्षेचा इलाज नाही. दुसरीवर काही अंशी आहे. बीझलीने अथेन्सच्या अनाम हातांसाठी जे केले त्याचा शतांश जरी घोडनदीच्या खापरांसाठी झाला, तरी ‘पात्र क्रमांक अमुक’ ह्या नोंदीच्या जागी एखादा विशिष्ट हात, त्याची सवय, त्याची घाई आणि त्याचा नेमकेपणा दिसू लागेल. त्यासाठी नव्या उत्खननाची वाट पाहण्याचे कारण नाही. खापरे निघालेली आहेत. ती तक्त्यातून काढून पुन्हा भांड्याच्या खांद्यावर ठेवून पाहावयाची आहेत.